ओला रुमाल

साखर पेठेतल्या डायिंगमध्ये
अडतीस वर्षं मी सूत रंगवलं.
कोपरापर्यंत हात कधी जांभळे, कधी पोपटी.
लग्नात हळद लागली तीही हिरवट दिसली,
असं आमची राजव्वा सांगते,
आणि ती सहसा खोटं बोलत नाही.

चादरीचा रंग म्हणजे हिशोब.
इतकं मीठ, इतका सोडा, इतकी उकळी,
शेडबुकात तुकडा चिकटवायचा, खाली आकडे.
दहा वर्षांनी पान उघडा,
तोच रंग परत.

कोंबडीचं तसं नाही.

बँटम, बुटकी जात, ओंजळीत मावणारी.
पहिली जोडी हैदराबादहून आणली,
एसटीत मांडीवर, भोकं पाडलेल्या खोक्यात.
रंग पारवा.
म्हणजे राखेत नीळीचा एक थेंब,
आणि पिसापिसाला गडद काठ,
जेकार्डवर कुणी दोरा मोजून घातल्यासारखा.

पारव्याला पारवी लावली.
आठ पिल्लं: चार पारवी,
दोन कोळशासारखी काळी,
दोन पांढुरकी, अंगावर शाईचे शिंतोडे.
पुढच्या खेपेला चार, तीन, एक.
शेडबुकाच्या कोऱ्या पानांवर लिहीत गेलो,
पायांत चादरीचे दोरे बांधले,
लाल आईचा, पिवळा बापाचा.
सहा वर्षं.
निम्मा रंग हाती, निम्मा सुटलेला.

गिऱ्हाईक पारवी तेवढी न्यायचं.
काळी नि शिंतोडी मागं उरायची,
राजव्वाच्या सुपात, तेंदूच्या पानांवर येऊन बसायची.
एका मार्चात तिनं कावून
उरलेली दोन एकाच खुराड्यात कोंडली,
काळी कोंबडी, शिंतोडा कोंबडा.
"नको असलेल्यांनी एकमेकांत राहावं की,"
म्हणाली, आणि परत विड्या वळायला बसली.

काळी खुडूक झाली.
एकविसाव्या दिवशी नऊ पिल्लं.
नऊच्या नऊ पारवी.
मी बॅटरी लावून पुन्हा मोजली.
"बागुंदी," राजव्वा म्हणाली. एवढंच.

जानेवारीत होम मैदानावर प्रदर्शन.
त्यातला एक कोंबडा आदल्या रात्री
पाय घासून, तुऱ्याला खोबरेल लावून नेला.
परीक्षक बाईंनी नीट उचलला,
छाती तळव्यावर, पाय बोटांत,
मग फॉर्म वाचला.
व्यवसाय: रंगारी, निवृत्त.
माझ्याकडं एकदा पाहिलं.
पर्समधून पांढरा रुमाल काढला,
बाटलीतल्या पाण्यानं भिजवला
आणि कोंबड्याची मान घासली.

शेजारच्या पिंजऱ्यापाशी कुणीतरी हसलं.
माझे कान तापले.
मग ध्यानात आलं, मी कसा उभा होतो:
हात पाठीमागं, नजर खाली,
व्यापारी चादरीचा कोपरा थुंकीनं चोळायचा
तेव्हा उभा राहायचो, तसाच.

रुमालावर थोडी धूळ, ज्वारीचा भुसा.
बाई म्हणाल्या, "माफ करा, बघावं लागतं."
मी म्हणालो, "घासा की अजून."
खरं सांगतो, आणखी घासावं असंच वाटत होतं.

दुसरा नंबर आला.
पहिला एका पांढऱ्याला, तुऱ्याला सरळ पाच दाते.
माझ्याच्या तुऱ्याला सहा, सहावा वाकडा.
बक्षिसाची निळी फीत मुठीत धरून रिक्षात बसलो,
अशोक चौकापर्यंत तळहात निळा.
कच्चा माल.

निघताना एक पोरगा मागं लागला होता,
काका, कशाला काय लावलं?
सगळं सांगितलं. त्यानं मनगटावर पेननं लिहून घेतलं.
मग म्हणाला, ती दोघं दाखवा ना,
कुठल्या पिंजऱ्यात आहेत?

कुठल्याच नाहीत, बाबा.
घरी आलो तेव्हा ती दोघं
राजव्वाच्या सुपाखाली
तंबाखूच्या चुऱ्यात पंख पसरून लोळत होती,
आणि ती एका हातानं त्यांना हाकलत
दुसऱ्या हातानं पुढची विडी बांधत होती.